कामशेतच्या बाजारातलं फ्रेंच

कामशेतच्या बाजारात तांदूळ घ्यायला गेलात आणि पोत्यांमागून एखाद्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थानं मान वर करून "बोंजूर" म्हटलं, तर दचकू नका. ते आमचे हसनभाऊ. भाव जरा कमी करा म्हणालात, की ते चष्म्यावरून बघत "पूर्क्वा?" असं विचारतील. त्याचा अर्थ 'का?' एवढाच आहे. पण गिऱ्हाईकाला तो ठाऊक नसतो. ते बावचळतं आणि सांगितलेल्या भावात तांदूळ घेऊन जातं.

पवनेकडचे एक म्हातारे आबा त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शांतपणे विचारलं, "काय रं हसन, अंगात येतंय व्हय तुज्या?"

"न्हाई आबा. पोरीसाठी फ्रेंच शिकतोय."

"पोरगी कुटं हाय?"

"कॅनडात."

"मग तिला शिकू दे की. तू कशापायी?"

याचं उत्तर नीट द्यायचं तर जरा मागं जावं लागतं.

हसनभाऊंची उमेदीची वर्षं भाताच्या गिरणीत पोती वाहण्यात गेली. पाठीवरून इंद्रायणी तांदूळ जायचा, त्याचा वास गल्लीभर सुटायचा, आणि घरी शिजायच्या त्या चाळणीखाली पडलेल्या कण्या. आमच्याही घरी त्याच, कारण माझे वडील त्यांच्या जोडीनं पोती उचलायचे. त्यांची मुलगी नसीम आणि मी एका बाकावर बसून शिकलो आणि लोणावळ्याच्या कॉलेजातून एकाच वर्षी पदवीधर झालो. दोघींच्या घराण्यात त्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. हे मी कुठंही सांगते, म्हणून इथंही सांगितलं.

पुढं हसनभाऊंनी स्वतःचं दुकान टाकलं, आणि ते जरा बाळसं धरतंय तोवर नसीम कॅनडाला निघाली. दोन वर्षांचं शिक्षण, मग तिथंच नोकरी करायचा तात्पुरता परवाना, आणि सगळं जमलं तर पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी. हे प्रकरण बाजारात कुणालाच कळेना. हसनभाऊंनी ते भातशेतीत बसवलं.

"हे बग," ते समोरच्याला स्टुलावर बसवून सांगत, "इद्यार्थी म्हणून गेली, म्हंजी वाफ्यात रोप टाकलं. तितं ते कायम ऱ्हात न्हाई. उपटायचं अन् खाचरात लावायचं. आवणी. ती म्हंजी नोकरीचा परवाना. आवणीनंतर रोप पिवळं पडतं, माणसाला वाटतं गेलं. पण एकदा मुळी धरली की पीआर."

"म्हंजी ती तिकडची झाली?"

"न्हाई रं. मतदान न्हाई करता येत. पण कुणी ऊठ म्हणत न्हाई."

आवणी झाली. नसीमला एका गोदामाच्या कार्यालयात बरी नोकरी मिळाली. पण मुळी काही धरेना. पीआरसाठी तिथं गुण मोजतात: वयाचे, शिक्षणाचे, भाषेचे, अनुभवाचे. ठरावीक रेषेच्या वर असाल तर बोलावणं येतं. नसीम रेषेच्या जवळ पोचली की रेषा वर सरकायची. त्यात तिशी ओलांडली की वयाचे गुण दरवर्षी उतरतात. हसनभाऊंना हे मुळीच पटलं नाही. "हितं तांदूळ जुना झाला की भाव चढतो," ते म्हणाले, "आन् तितं माणूस जुनं झालं की उतरतो. व्यापार कळत न्हाई त्यांना."

परवाना संपायला आला होता. संपला की सामान बांधून परत यायचं. अशात तळेगावकडून एक स्थळ सांगून आलं. मुलगा तिकडचाच, पीआर असलेला. लग्न केलं की त्याची बायको म्हणून प्रश्नच मिटला. मध्यस्थ हे सांगताना इतका खूश होता की त्यानं चहा दोनदा घेतला. हसनभाऊंनी त्याचं पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "लगीन करायचं तर ती करंल, तिला पायजे त्याच्याशी. पण पोरगी सोताच्या हिमतीवर गेलीया. दुसऱ्याच्या रेशनकार्डात नाव घालून न्हाई ऱ्हायची."

उरलेला एक रस्ता होता फ्रेंचचा. कॅनडात इंग्रजीइतकाच फ्रेंचलाही मान आहे, आणि ते चांगलं येत असेल तर गुण वाढतात, बोलावणंही लवकर येतं. नसीमनं क्लास लावला. वाचणं जमलं, लिहिणं जमलं, पण बोलताना तिची दातखीळ बसायची. क्लासातल्या बाई म्हणाल्या, रोज कुणाशी तरी बोल. गोदामात सगळे पंजाबी.

"बोलायला माणूसच पायजे ना?" हसनभाऊ फोनवर म्हणाले. "मी हाय की."

शाळा चौथीत सुटलेला माणूस मोबाईलवर व्हिडिओ लावून फ्रेंच शिकू लागला. त्यांचं व्याकरण मी काढत नाही. माझं स्वतःचं इंग्रजी ज्यांनी ऐकलंय ते हसतील. पण महिन्याभरात हसनभाऊंना एक गोष्ट कळली: समोरच्याला बोलतं ठेवायला सगळी भाषा यावी लागत नाही. "पूर्क्वा येवढा आला तरी बास. तिनं काय बी सांगू दे, आपण म्हणायचं पूर्क्वा. तिला पुढं बोलावंच लागतंय."

सकाळी दुकान उघडायच्या आधी, अर्ध्या शटरखाली हे चालायचं. आतून नसीमचा अडखळता आवाज, आणि दर वाक्यानंतर "पूर्क्वा?" ही सवय मग घरात शिरली. त्यांच्या पत्नी मुमताजचाची म्हणायच्या, "दूध संपलंय." हे म्हणायचे, "पूर्क्वा?" शेवटी चाचींनी मला गाठलं. "सुनंदा, तू शिकलेली हायस, सांग त्यांना. पस्तीस वर्सं मराठीत माझ्याशी धड बोलले न्हाईत, आन् आता दुधाला पूर्क्वा. मी म्हटलं, च्यात घातलं, म्हणून."

फ्रेंचच्या परीक्षेच्या तोंडी भागात मित्राला एखादी गोष्ट पटवून द्यायची असते. परीक्षक मित्र होऊन बसतो आणि नाही नाही म्हणत राहतो. नसीमला याचीच धास्ती. हे ऐकून हसनभाऊ पहिल्यांदाच खुर्चीत मागं रेलून बसले.

"पटवायची परीक्षा? हे तर दुकान झालं."

त्यांची पद्धत मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. तुंगार्लीच्या बंगल्यातल्या एक बाई गाडीतून उतरल्या आणि इंद्रायणीच्या पोत्याकडं बोट दाखवलं. हसनभाऊ म्हणाले, "हा नका नेऊ."

"का?"

"चिकट व्हतो. तुमच्याकडं मोकळा भात खात असत्याल. ह्याला मऊ भात आवडणारं माणूस लागतं. तुम्हाला न्हाई जमायचा."

बाईंनी मूठभर तांदूळ नाकाशी नेला, यांच्याकडं रागानं पाहिलं आणि अर्धं पोतं नेलं.

हीच पद्धत त्यांनी नसीमला घोटवली. ती कळवळून म्हणायची, "अब्बा, क्लासात शिकवतात की फायदे सांगायचे."

"फायदे सगळेच सांगत्यात."

परीक्षेत नसीमच्या वाट्याला विषय आला: मित्राला डोंगरावर चालायला यायला राजी करा. तिनं आधी फायदे सांगितले. परीक्षक म्हणाला, थंडी आहे. म्हणाला, गुडघे दुखतात. पाठ केलेली सगळी वाक्यं संपली. मग ती एकदम म्हणाली, "बरोबर आहे तुझं. तू येऊच नकोस. वर जायला जरा दमाचं माणूस लागतं." परीक्षक चपापला. तो म्हणे भूमिका विसरून सांगायला लागला, की तरुणपणी आपण बरेच डोंगर चढलोय. नसीमनं विचारलं, "मग आता पूर्क्वा नाही?" तो हसला, आणि येतो म्हणाला.

गुण आले ते पुरेसे होते. रेषा ओलांडली. मग बोलावणं, पोलिसांचे दाखले, डॉक्टरची तपासणी, आणि वाट बघणं. त्या दिवसांत हसनभाऊ तांदूळ दोनदा तोलायचे आणि तरी चुकायचे. शेवटी एका सकाळी तिचा फोन आला, की झालं. हसनभाऊंनी बाजारभर पेढे वाटले. पवनेचे आबा नेमके आले होते. त्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "धरली का मुळी?"

"धरली, आबा."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या आठवड्यात कामावर जाताना मला त्या अर्ध्या शटरखालून तोच आवाज ऐकू आला. फोन ठेवेपर्यंत मी बाहेर थांबले.

"भाऊ, परीक्षा झाली, पीआर झाला. आता कशाला फ्रेंच?"

"सराव सोडला तर पीआर काढून घेत्यात," ते म्हणाले. "नियम हाय. नसीमला बी सांगितलंय मी."

"असा काही नियम नाही. पाच वर्षांतली ठरावीक मुदत तिथं राहायचं, तो नियम आहे. मला नसीमनंच सांगितलाय."

हसनभाऊंनी पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ काढला आणि तळहातावर पसरून बघत राहिले, जणू काही माझ्यासाठीच निवडत होते.

"मराठीत मी तिला काय इचारणार, सुनंदा?" ते म्हणाले. "जेवलीस का. थंडी लय हाय का. ती म्हणती, व्हय अब्बा. मग तिची आई फोन घेती. जल्मभर येवढंच बोललो आमी. ह्या फ्रेंचच्या सुरवातीच्या धड्यात एक सवाल हाय: तू खूश हायस का? धड्यात हाय म्हणून इचारला. तर रडली. मी म्हटलं, पूर्क्वा? तवा सगळं सांगितलं तिनं. एकटी जेवती ते. परत यावंसं वाटतंय ते. मला निम्मंच कळलं. पण मराठीत असला सवाल माझ्या तोंडातनं निगाला नसता. बाप इचारतो का पोरीला असं? माझ्या बापानं मला इचारलं न्हाई."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्यांनी तांदूळ पुन्हा पोत्यात सोडला.

"फ्रेंच बंद झालं, की परत जेवलीस का वर येणार आमी."

नियमाचं मी पुन्हा काढलं नाही. नसीमही काढत नाही, आणि नियम तिला माझ्याहून चांगला ठाऊक आहे.

नसीम आता कॅनडाची कायमची रहिवासी आहे. आमच्या बाजारातून तशी झालेली ती पहिली. आणि रोज इथल्या सकाळी अर्धा तास ती आपल्या वडिलांशी बोलते.