गादीवाल्या नोमानचा किताब

नोमानने जिल्ह्याचा मुष्टियुद्धाचा किताब गमावला. पण ते झालंच नाही असं आपण धरून चालू. मालेगावात नोमान स्वतः तसंच धरून चालतो, आणि गादीवाल्याशी वाद घातला की रजईत कापूस कमी पडतो.

तर नोमान अजून विजेता आहे. दुकानावर पाटीच आहे: 'जिल्हा मुष्टियुद्ध विजेता नोमान यांचे गादीघर'. कॉलेजात असताना त्याने किताब जिंकला तो असा, की त्याच्या वजनगटात दोनच नावं होती आणि इंझोरीच्या पोराची एसटी चुकली. पंचांनी रिकाम्या रिंगणात नोमानचा हात वर केला. पुढे ती स्पर्धा कोणी भरवलीच नाही. एकही ठोसा न मारता आपण विजेते झालो, हे मालेगावात फक्त त्याला आणि बायकोला, मेहरबीला, ठाऊक होतं. मेहरबी ते भांडणासाठी राखून ठेवायची.

शेजारचा भाजीवाला दिनेश गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर ज्ञान मिळवतो. एका दुपारी त्याने वाचलं, की जुन्या काळचे विजेते वर्षातून चार-पाचदा किताब पणाला लावायचे. कोणी तर महिन्या-महिन्याला.

"अन् तू?" वांग्यांवर पाणी मारत त्याने विचारलं. "तू एकदा तरी राखला का?"

"कोणी आलंच नाही तं कोणासंग लढू?"

"तू बोलावलं कधी? पाटी लावून बसून राह्यला, डॉक्टरवानी."

नोमानला ते लागलं, कारण खरं होतं. येईल त्याच्याशी लढतो, असं त्याने तिथेच जाहीर केलं. माणसं, मैदान आणि पंच एका जागी फक्त कुस्तीच्या दंगलीत मिळतात, म्हणून किन्हीराजाची दंगल ठरली. पंच होते उदयसिंग. त्यांनी उभा जन्म कुस्ती पाहिली होती. मुष्टियुद्धाबद्दल त्यांनी एवढंच विचारलं, की लंगोट लागतो का. समोर उभा राहिला गावचा पैलवान हेमसिंग. हाताला माती लागू नये म्हणून मोजे दिलेत, अशी त्याची समजूत होती.

नोमानने डोळे मिटून ठोसा मारला. आयुष्यातला पहिलाच, पण असा बसला की हेमसिंग तोडलेल्या झाडासारखा पालथा पडला आणि तसाच राहिला. पाटी एका ठोशात खरी झाली. नोमानने दोन्ही हात वर केले.

उदयसिंग वाकले. त्यांनी हेमसिंगच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटं बघितली.

"पाठ लागली नाही," ते म्हणाले. "चालू द्या."

"काका, तो बेहोश हाय."

"असंन. पाठ साफ हाय ना."

हा वाद चालू असताना हेमसिंगला शुद्ध आली. डोळ्यांसमोर पहिला दिसला तो नोमानचा पाय. त्याने तो सवयीने कवटाळला. नोमान उताणा आपटला, हलगी वाजली, फेटा हेमसिंगच्या डोक्यावर गेला.

नोमानने लगेच परत लढायला बोलावलं. चीत केलेल्या माणसाला मी पुन्हा धरत नसतो, असं हेमसिंगने नम्रपणे कळवलं. मग नोमानने दिनेशला जुन्या काळच्या, महिन्या-महिन्याला लढणाऱ्या विजेत्यांची आठवण करून दिली.

"तो जमाना नाही राह्यला, भाऊ," दिनेश म्हणाला. "आताचे चॅम्पियन वर्षातून एकदा लढले तं लढले. वाचलं ना मी."

घरी मेहरबीने पाठीला तेल लावता लावता हळूच विचारलं, "मारा था ना?"

"मारा."

"गिरा था?"

"गिरा."

"फिर?"

नोमान तेलकट पाठीनेच उठून बसला. त्याने कागद घेतला. असा अर्ज कोणाकडे करतात ते माहीत नसल्याने वर नुसतंच 'मा. साहेब' घातलं आणि खाली लिहिलं: 'सविनय विनंती की, मुष्टियुद्धात पालथा पडलेला माणूसही पडलेलाच धरण्यात यावा, असा शासन निर्णय मागील तारखेपासून लागू करावा, व तो निघेपर्यंत सदर पैलवानास पालथेच समजण्यात यावे.'