वणी, मार्गे म्हसरूळ

“धरलंय रे, धरलंय! खाली नको बघू, म्होरं बघ!”

चांदवडच्या शिवारात, कांद्याच्या बांधावर सायकल शिकताना पाठीमागून येणारा आईचा हा आवाज नवनाथच्या कानात तीस वर्षांनंतरही ताजा होता. वळून पाहिलं तेव्हा आई पार बांधाच्या टोकाला, तोंडाला पदर लावून हसत उभी होती आणि सायकल आपली आपण चालली होती! त्या दिवसापासून त्याची ठाम समजूत झाली की सायकलीचं आणि आपलं रक्ताचं नातं आहे. मधली वीस वर्षं तो स्कूटरवरूनच ऑफिसला गेला, पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडावी लागली, तो भाग वेगळा.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने जाहीर केलं, “मी आणि मुलं सायकलने वणीला जाणार. तीन दिवस! मित्राच्या द्राक्षबागेत मुक्काम!”

तृप्ती, त्याची बायको, दवाखान्यात नर्स. ती डबा भरता भरता म्हणाली, “मला ड्युटी आहे. आणि तुम्हाला पोट आहे.”

पण नवनाथ सरकारी कारकून. फ्रिजवर तक्ता लागला : ‘६.१० प्रस्थान. ६.४० केळी. ७.०५ निसर्ग पाहणे. ७.१५ निसर्ग समाप्त.’

“पप्पा, यात गप्पा कुठेयत?” अकरा वर्षांच्या तेजलने विचारलं.

“गप्पा दिंडोरीनंतर!”

“आणि शू?” आठ वर्षांचा रुद्र.

“६.५५ ला तरतूद आहे.”

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. त्याने तो तक्ता सोसायटीच्या ग्रुपवर टाकला! सोसायटीच्या अध्यक्ष वत्सलाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सत्काराशिवाय अन्न गोड लागत नसे. संध्याकाळपर्यंत पंचवटीतल्या सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स चढला : ‘बालवीरांची सायकल मोहीम! मार्गदर्शक मा. नवनाथभाऊ!’ रुद्रचा फोटो वाढदिवसाचा, नाकाला केक लागलेला.

निघायच्या दिवशी शाल झाली, श्रीफळ झालं, तीन भाषणं झाली. अजून एक पंक्चरही झालं नव्हतं, तोवर सत्कार उरकला! ६.१०चं प्रस्थान साडेनऊला झालं. ऊन डोक्यावर, नारळ कॅरिअरवर.

म्हसरूळचा चढ आला. पोरं रानपाखरांसारखी भुर्रकन पुढे गेली. मागे नवनाथची छाती लोहाराच्या भात्यासारखी फुलत होती, डोळ्यांपुढे भरदिवसा चांदण्या नाचत होत्या.

“थांबा!” तो ओरडला. “दमलात तुम्ही!”

“आम्ही?” रुद्र चकित झाला.

“मग काय! तोंडं बघा केवढी लाल झालीत!”

लाल तोंड तिथे एकच होतं. तेजलने त्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं, काहीतरी बोलायला ओठ उघडले, मिटले, आणि ती सायकलवरून उतरली.

परत जावं, तर चार किलोमीटरवर फ्लेक्स! पण डोंगराच्या पायथ्याशी सासूबाईंचं घर होतं.

“मुलं दमली हो आई. अर्धा तास टेकतो.”

कलाबाईंनी त्याला वरून खाली पाहिलं. “असं का? पोरांचा घाम तुमच्या सदऱ्याला आला वाटतं, जावईबापू!”

अर्ध्या तासाचं जेवण झालं, जेवणाची झोप झाली. फोन वाजला तेव्हा वत्सलाबाई विचारत होत्या, “कुठवर?” नवनाथच्या बोटांनी लिहिलं, ‘दिंडोरी पार!’ बोटंच ती, त्यांना कुठली लाज! दुसऱ्या दिवशी त्याने खिडकीतून मागच्या गजपंथाच्या डोंगराचा फोटो धाडला : ‘वणीचा गड दिसू लागला!’

‘अगदी आपल्या गजपंथासारखा दिसतो हो!’ वत्सलाबाई.

‘लांबून सगळे डोंगर सारखेच,’ नवनाथ.

अंगणात तिन्ही सायकली गोधडीखाली आजारी माणसांसारख्या निजल्या होत्या. कुणी पाहील म्हणून पोरांना उंबऱ्याबाहेर बंदी. तेजल तर त्याच्याशी बोलेचना. “काय झालं गं?” विचारलं की “काही नाही.” हिला पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवावासा वाटेल का, या विचाराने त्याच्या घशाखाली पिठलंसुद्धा उतरेना. तरी तिसऱ्या दिवशी निघताना तो पोरांच्या गुडघ्यांना माती चोळायला बसलाच.

“पोरांच्या गुडघ्याला माती,” कलाबाई म्हणाल्या, “आणि स्वतःच्या तोंडाला काय लावणार?”

गेटवर ताशा! ओवाळणी! वत्सलाबाई माइकवर गर्जत होत्या, “नाताळच्या सुट्टीत नवनाथभाऊंबरोबर आपली बावीस मुलं जाणार! नावं आलीसुद्धा! आता आपली तेजल सांगेल, गड कसा होता!”

माइक तेजलच्या हातात आला. तिने पप्पांकडे पाहिलं. खालचा ओठ थरथरला. बावीस पोरं टक लावून बघत होती. नवनाथने पुढे होऊन माइक ओढून घेतला.

“काकू, आम्ही वणीला गेलोच नाही. म्हसरूळला होतो. सासरवाडीला.”

ताशा बंद पडला. वत्सलाबाईंच्या हातातला हार हवेतच राहिला.

“तीन दिवस?”

“तीन दिवस.” नवनाथची मान शर्टाच्या कॉलरमध्ये शिरली. एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण जीभ वळवळलीच. “मुलं दमली ना हो. लहान जीव!”

तेजलने माइक आपल्याकडे वळवला.

“आम्ही नव्हतो दमलो,” ती म्हणाली. चारही मजल्यांवर ऐकू गेलं. मग ती बापाकडे वळून हळूच बोलली, पण माइक चालूच होता.

“पप्पा, ‘मी दमलो’ म्हणाला असतात ना, तर आम्ही थांबलो असतो. वणी काय पळून चालली होती?”