वटारच्या शेडमधली किंकाळी

माझ्या डोळ्यात धूळ फेकणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात सापडायचा नाही. शाळेत शिक्षक होतो तेव्हा परीक्षेच्या हॉलमध्ये मी नुसता खोकलो तरी पोरं मोज्यांतल्या चिठ्ठ्या आपणहून काढून द्यायची. तेव्हा माझी मुलगी स्टेफी काहीतरी लपवतेय, हे मला कळायला वेळ लागला नाही.

बँकेत नोकरी करणारी साधी मुलगी. पण शनिवारी दुपारी पिशवीत काळं चामड्याचं जॅकेट कोंबून ती गुपचूप निघायची. मी एकदा जॅकेट उघडून पाहिलं. खांद्यांवर हे एवढे टोकदार खिळे! आमच्या पापडी गावात असलं जॅकेट घालून कोण कुठे जातं?

मग एकदा तिचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं.

"हेवी मेटलच, ॲल्रॉय. आजकालचं नको, जुनं ऐंशी सालचं. आपण दोघांनी एकदमच तुटून पडायचं. आणि शेवटी अश्लेषाची किंकाळी. ती नीट निघाली पाहिजे."

जुनं जड लोखंड, तुटून पडणं, वर किंकाळी: हा तर मारामारीचा कट होता! बायकोला, हेलनला, सांगावं तर ती चर्चच्या कॉयरच्या गाण्याच्या प्रॅक्टिसला गेलेली. हल्ली तिची प्रॅक्टिसही फार वाढली होती.

पुढच्या शनिवारी शेजारच्या रामचंद्रभाऊंच्या स्कूटरवर मागे बसून मी स्टेफीच्या रिक्षाचा पाठलाग केला. ती वटारला एका केळीच्या वाडीत शिरली. आत पत्र्याची शेड होती. आम्ही केळीआड दबा धरून बसलो. थोड्याच वेळात आतून धडधड सुरू झाली आणि मग अशी किंकाळी आली की झाडावरचे बगळे उडाले.

"सर, कुणाला तरी मारतायत," रामचंद्रभाऊ कुजबुजले.

"आधी वीज तोडा," मी म्हणालो. "अंधारात गुन्हेगार गोंधळतो."

भरदुपार होती, पण भाऊंनी शेडच्या बाहेरच्या भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. धडधड थांबली. आत कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं, "गेलं. सगळं रेकॉर्डिंग गेलं."

दार उघडलं. समोर ते जॅकेट घातलेली स्टेफी, गळ्यात गिटार. मागे तसाच गिटारवाला ॲल्रॉय, ड्रमवर एक मुलगा, माइकपुढे अश्लेषा. आणि तिच्या पोटावर हात ठेवून हेलन!

"श्वास इथून घ्यायचा, हे शिकवत होते," हेलन म्हणाली. "तुम्ही इथे कसे?"

"हे काय चाललंय?"

"आमचा बँड आहे, डॅडी," स्टेफी म्हणाली. "जुन्या पद्धतीचं हेवी मेटल वाजवतो. दोन गिटारी जोडीनं, वर उंच आवाज. आज संध्याकाळपर्यंत गाणं पुण्याला पाठवायचंय. निवडलं तर तिथे मोठ्या स्टेजवर वाजवू. सकाळपासून आत्ता कुठे मनासारखं झालं होतं."

"पण जुनं कशाला उकरायचं?"

"तुम्हाला नाही का जुन्या भट्टीतलाच पाव लागत?"

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"विचारून तर बघायचं होतंस."

"बरं, आता विचारते. वाजवू?"

"नाही," माझ्या तोंडून गेलं.

स्टेफी मान खाली घालून गिटारीची वायर गुंडाळायला लागली. मला कसंसंच झालं. मी बाहेर गेलो आणि स्वतःच्या हाताने मेन स्विच वर केला.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. दोन गिटारी हातात हात घालून पळत होत्या. रामचंद्रभाऊंचा पाय ताल धरत होता. त्यांच्यावरही आता लक्ष ठेवावं लागणार, असं मनात आलं. तेवढ्यात माझाच पाय हलताना दिसला.

गाणं निवडलं गेलं. आता शनिवारी मी शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. पुन्हा कुणी रेकॉर्डिंगच्या मध्ये घुसायला नको. परवा काळ्या कपड्यांतला एक दाढीवाला आला. उडवाउडवीची उत्तरं द्यायला लागला, तसं मी त्याला थेट वाडीबाहेर काढलं. तो पुण्याहून बँडला भेटायला आलेला कार्यक्रमाचा आयोजक होता.