आप्पांचे पाच कागद

विश्वनाथ आप्पा भांडणं अशी मिटवायचे की भांडणाऱ्यांना आपण का गप्प बसलो हे कळायचंसुद्धा नाही. गेवराईच्या बाजारात दोन भाजीवाल्या एकमेकींच्या सात पिढ्या काढू लागल्या की आप्पा डोळे मिटून ऐकायचे, आणि मग दोघींच्या मधे जाऊन हात वर करायचे. "बाई, तुमी जरा थांबा. हिचं पुरं होऊ द्या, मंग तुमी घ्या. दोघी एकदाच घेतल्यावर कुनाला काय कळंल?" पाळीपाळीनं शिव्या देणं कुणालाच जमत नाही. बायका गोंधळायच्या, गप्प व्हायच्या, आणि आप्पा हिरमुसून परत यायचे, कारण त्यांना ते भांडण खरोखरच पूर्ण ऐकायचं असायचं.

आप्पांचं भांड्यांचं दुकान माझ्या कॅसेटच्या दुकानासमोर होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावात केबलच्या वायरी नुकत्याच गच्चीगच्चीवरून फिरू लागल्या होत्या, आणि लोक पितळेचे हंडे मोडीत घालून स्टील नेत होते. आप्पांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचा जीव होता तो त्यांच्या बँडमध्ये. लहानपणी हैदराबादला मामाकडे असताना पलटणीच्या बँडमधल्या एका म्हाताऱ्या वादकानं त्यांना पाच रेघांवर सुरांचे ठिपके मांडायला शिकवलं होतं. "कागदावर रेघा पाच, म्हनून मानसं पाच," असं त्यांचं गणित. ते चुकीचं आहे हे मी एकदा सुचवून पाहिलं. मग आठवडाभर त्यांनी माझ्याकडचा चहा घेतला नाही.

तर माणसं पाच. दोन ट्रंपेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि एक अंगाभोवती गुंडाळायचा थोरला भोंगा. ढोलवाला वेगळा असायचा, पण त्याला आप्पा हिशेबात धरत नसत. "त्यो आवाज हाय, गानं न्हाई," म्हणायचे.

बाकीचे बँडवाले सगळे मिळून एकच चाल वाजवतात. आप्पांना त्याची भारी चीड. "सगळे एकच वाजवायलेत, मंग पाच जन कावून न्यायचे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते प्रत्येकाला वेगळा कागद लिहून द्यायचे. एकाकडे चाल, दुसऱ्याकडे तिची सावली, तिसऱ्या-चौथ्याकडे मधल्या मोकळ्या जागांचे भरणे आणि भोंग्याकडे पाया. नवं गाणं आलं की दुपारी माझ्या काउंटरला टेकून ऐकायचे. एक ओळ ऐकली की, "दत्ता, मागं घे." पुन्हा, "मागं घे." त्यांच्यामुळे माझ्या कॅसेटी ताणून निकामी व्हायच्या आणि गायिकेचा आवाज गायकासारखा होऊन बसायचा. त्याच हौसेनं त्यांनी यमन रागही पाच जणांत वाटून दिला होता, आणि तो वरातीत वाजवायचा त्यांचा हट्ट असायचा. नाचणारी पोरं मधेच थांबून घाम पुसत उभी राहायची. आप्पांना वाटायचं, ऐकायलेत.

या पद्धतीचा खरा तमाशा तलवाड्याच्या लग्नात झाला. पहिला ट्रंपेट वाजवणारे कादरभाई, म्हणजे ज्यांच्या कागदावर चाल, त्यांची जीप वाटेत बंद पडली. वरात निघायची वेळ झाली तेव्हा उरलेल्या चौघांनी इमानदारीनं आपापले कागद वाजवायला सुरुवात केली. सावली वाजली, भरणे वाजले, भोंगा वेळच्या वेळी "भों" करत राहिला. गाणं मात्र कुठंच नव्हतं. वऱ्हाडी मंडळी समजली की हे अजून वाद्यं जुळवतायत. नवरदेव घोड्यावर ताटकळला. शेवटी मुलीच्या मामानं विचारलं, "आरं, सुरू कधी करता?" भोंगेवाला मारुती म्हणाला, "दोन गानी झाली की मामा." ती गाणी त्या चौघांनी रेडिओवर इतक्यांदा ऐकली होती की झोपेतही म्हटली असती. पण चाल वाजवा म्हटल्यावर चौघांचं एकच उत्तर, "ती आमच्या कागदात न्हाई."

हा मारुती शिरूर कासारकडचा. दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा तो गुढीपाडव्याच्या आसपास परतायचा. तेवढे महिने भोंगा आप्पांच्या दुकानात, हंड्यांच्या शेजारी, कापड पांघरून बसायचा. चौघं भोंग्याशिवाय वाजवायचे. दुसरा माणूस घ्या म्हटलं की आप्पा म्हणायचे, "जागा मारुतीची हाय." मारुतीला बोलणं कमी. पण भोंगा अंगावर चढवला की तो वेगळाच दिसायचा, ताठ आणि लग्नघरातल्या कुणाहीपेक्षा मोठा. त्याच्या गावात त्याला "भोंगेवाले" म्हणत, आणि असं अहोजाहो करून हाक मारली जाण्याचं त्याच्या आयुष्यातलं ते एकच कारण होतं.

एका वर्षी, मारुती ऊसतोडीवर असताना, उमापूरच्या पाटलांनी मुलीच्या लग्नाची सुपारी दिली आणि कादरभाईंनी विषय काढला. गावोगावच्या बँडांत कॅसिओ आला होता. एक पेटी, एक माणूस, पाया आपोआप वाजतो. "आप्पा, जमाना बदलला. भोंगा आता कोन ऐकतंय?" हॉर्न आणि ट्रॉम्बोनवाल्यांनी माना डोलावल्या. आप्पा एवढंच म्हणाले, "मारुती येऊ द्या."

मारुती आला तो उजवा हात फडक्यात बांधून. ऊस भरताना ट्रॉलीचा मागचा लोखंडी फाळका हातावर पडला होता. बोटं शाबूत होती, पण दोन ताठ झाली होती आणि वळत नव्हती. भोंग्याचे तीन खटके उजव्या हाताच्या बोटांनीच दाबायचे असतात, आणि डावा हात ते धूड सावरण्यात अडकलेला. आप्पांनी त्याला दुकानातच फुंकायला लावलं. खटक्याविना निघाले ते सा आणि प. एका चालत्या बोटानं आणखी एक सूर निघाला. तिसऱ्या सुरानंतर मारुतीनं भोंगा उतरवला आणि जिथं असायचा तिथं हंड्यांपाशी ठेवला.

"आप्पा, भोंगा आता तुमच्यापाशीच राहू द्या," तो म्हणाला. "आनावा तुमी कॅसिओ. माझं काय न्हाई."

मी समोरून ऐकत होतो. खरं सांगतो, मला वाटलं, चला, प्रश्न सुटला. तिथंच बसलेल्या कादरभाईंनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी मारुतीला लगेच चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं अर्धं शटर ओढून आप्पा लिहायला बसले. गिऱ्हाईक आलं तर, "आज पितळ न्हाई," म्हणायचे, आणि मागं पितळेची रास चमकत असायची. उमापूरला वाजवायच्या सगळ्या चाली त्यांनी नव्यानं लिहून काढल्या. मारुतीच्या कागदावर तीन सूर ठेवले, आणि त्याचे बाकीचे सूर उरलेल्या चौघांत वाटून दिले. ट्रॉम्बोनला धावपळ आली. हॉर्नला श्वास घ्यायला जागा उरली नाही. आणि कादरभाई, ज्यांनी उभ्या हयातीत चालीखेरीज काही वाजवलं नव्हतं, त्यांना प्रत्येक अंतऱ्यात चाल दुसऱ्या ट्रंपेटकडे सोपवून खाली उतरायचं होतं, मारुतीचा पाया सांभाळायला.

कादरभाईंनी कागद टेबलावर आपटला. "पहिला ट्रंपेट हाय मी. मी अन् मागं भों-भों करू?"

"करा," आप्पा म्हणाले.

"लोक हसतील आप्पा."

"तुमची धा बोटं चालतेत कादरभाई. तुमाला शिकता येईल."

कादरभाई उठून गेले. तीन दिवस तालमीला फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन गुपचूप एक कॅसेट मागितली आणि कोपऱ्यात उभं राहून तिच्यातला फक्त पाया ऐकत राहिले. "मागं घे," म्हणाले. मी मनात म्हटलं, आणखी एक कॅसेट गेली.

मारुतीला मात्र आप्पांनी सांगितलं की जुन्या कागदांना वाळवी लागली होती म्हणून नवे लिहिले. ते जुने कागद पत्र्याच्या पेटीत जसेच्या तसे पडलेले मी स्वतः पाहिले होते. मारुतीही काही खुळा नव्हता. पण तो "बरं" म्हणाला आणि भोंगा अंगावर चढवला.

उमापूरच्या मांडवात मी मुद्दाम गेलो. पाटलांचा गोतावळा मोठा, पुढारी मंडळी, व्हिडिओवाला, सगळा थाट. पहिलंच गाणं सुरू झालं आणि अंतऱ्याला कादरभाईंनी चाल सोडली. दुसऱ्या ट्रंपेटनं ती अलगद उचलली, कादरभाई खाली उतरले, आणि त्यांच्याही खाली मारुतीचा सूर असा भक्कम बसला की बाकीचे चौघं बिनघोर त्याच्यावर चालत गेले. पोरं नाचली. पाटलांचा पुतण्या व्हिडिओवाल्याला ओढून घेऊन आला, भोंग्याचं शूटिंग घे म्हणून. आप्पा मांडवाच्या खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मीही पुढं कधी तो विषय काढला नाही.

पंगतीला मारुती आप्पांच्या शेजारी बसला. बराच वेळ भात कालवत राहिला, मग हळूच म्हणाला, "आप्पा, त्या चौघांना लई काम दिलं तुमी. मला तीनच."

आप्पांनी वरणाची वाटी त्याच्याकडे सरकवली. "औंदा तीन सांभाळ," ते म्हणाले. "पुढच्या साली चौथा लिहितो. तवर बोट वळवायला लाग."

डाव्या हातानं मारुतीनं वाटी भातावर पालथी केली, आणि उजव्या हाताचं एक ताठ बोट पत्रावळीच्या काठावर टेकवून दाबून बघू लागला.