जप्त मालाची विल्हेवाट

परक्या देशाला पाहुण्यापेक्षा त्याच्या बॅगेची भीती जास्त वाटते, आणि ते योग्यच आहे. माणूस फार तर नोकरी पळवील. मेथीचा एक दाणा अख्खी शेती बुडवील. न्यूझीलंडची ही भीती त्र्यंबकरावांना मनापासून पटली होती. त्यांची सारी नोकरी लोणावळ्यात जकात नाक्यावर झाली. पुढे जकात गेली, नाकाही गेला; त्र्यंबकरावांचा अधिकार मात्र कोणी लेखी काढून घेतला नव्हता.

म्हणून मुलगी आसावरी सुट्टी संपवून ऑकलंडला निघाली, की आदल्या दिवशी घरच्या दिवाणावर तिची बॅग उघडली जाई. कामशेतचा इंद्रायणी तांदूळ (बियाणे असल्याचा संशय), मेतकूट (भुकटी, हेतू अस्पष्ट), गोधडी (आत काय असेल सांगता येत नाही) अशी छाननी चाले. यंदाही चालली.

"ह्या डब्यात काय?"

"बेसनाचे लाडू."

"तूप म्हणजे दुग्धजन्य. जप्त."

"बाबा, चारच आहेत."

"रोगराईला किती लागतात?"

जप्त माल ताबडतोब नष्ट करावा, असा नियम आहे. कसा, ते नियमात नसल्यामुळे त्र्यंबकराव तो गॅलरीत नेऊन, दार लोटून, जातीने नष्ट करीत. (डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केल्यापासून पत्नी सरोजिनीबाईंच्या स्वयंपाकघरात लाडू फक्त निर्यातीसाठी वळले जात.) कारवाईनंतर मिशीवर थोडा पुरावा शिल्लक राही.

"दरवर्षी जप्त होतात, तरी दरवर्षी वरच ठेवतेस," सरोजिनीबाई म्हणाल्या. "इंजिनिअर झालीस कशी गं तू?"

आसावरी बॅगेची चेन लावत बसली.

पहाटे त्र्यंबकराव झोपेतच गेले. (साखर नव्हे, हृदय, असं डॉक्टर म्हणाले.) तिकीट पुढे ढकललं गेलं. सुतकात घरात गोड होत नाही, आणि तपासायला कोणी नसताना भरण्यात अर्थही नव्हता. दिवस झाल्यावर आसावरी नुसते कपडे घेऊन निघाली.

ऑकलंडला तिची बॅग यंत्रातून दोनदा गेली. भारतातून आलेली बॅग आणि खायचं काहीच नाही, यापेक्षा संशयास्पद माल त्या खात्याने पाहिला नसावा. तरुण अधिकाऱ्याने कप्पे उलटे केले, साड्या झटकल्या, चपलांचे तळ पाहिले.

"जाहीर करायचं काही राहिलंय का?" त्याने अदबीने इंग्रजीत विचारलं.

"राहिलंय," ती म्हणाली. मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "बाबा, तुम्ही पकडावेत म्हणूनच मी लाडू भरत होते. इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात."

अधिकाऱ्याला एक अक्षर कळलं नाही. त्याने बॅग बंद करून दिली. तिच्यामागे रांगेत आपण सगळे उभे होतोच, 'जाहीर करण्यासारखं काही नाही' यावर खूण करून, ही बाई बाजूला कधी होते याची वाट बघत.