ढब्बूचं वजन

ढब्बूला उचलून वजनकाट्यावर उभं राहण्याचं काम टेलर मास्तरांच्या गळ्यात पडलं, कारण त्यांच्या बायकोने काट्यावर पाय ठेवायला साफ नकार दिला.

"वजन कुत्र्याचं करायचंय ना? मग माझं जगजाहीर कशाला?" ती म्हणाली आणि विषय तिथेच संपला.

ढब्बू हा त्यांचा कुत्रा, अगदी नावाला जागलेला. सोफ्यावरून उडी मारताना त्याच्या मागच्या पायाचा स्नायुबंध तुटला आणि स्वारी तीन पायांवर आली. नवराबायकोने त्याला प्राण्यांच्या शेल्टरमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मोठ्या काट्यावर चढवलं आणि कपाळाला हात लावला.

"चौतीस किलो! ह्याला भूल द्यायची म्हणजे जिवाशी खेळ. ऑपरेशन केलं तरी शिवलेला पाय हे ओझं पेलणार नाही. आमचे सर्जन बाहेरून येतात. ते यायच्या आत ह्याला तिसाच्या खाली आणा. ही संधी हुकली तर तो जन्मभर लंगडेल."

बायकोने ढब्बूकडे पाहिलं. "आणते," ती म्हणाली. "काय करायचं सांगा."

"खाणं मोजून द्यायचं, बिस्किटं बंद. तुम्ही जेवताना तो समोर येऊन बसेल, तेव्हा डोळ्यांत बघायचं नाही. बघितलंत की संपलात! वजनासाठी सारखं इकडे आणू नका, पायाला त्रास होईल. कुणीतरी त्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं."

"माझं एकाहत्तर," मास्तर झटकन म्हणाले. "लग्नापासून एकाहत्तर."

लग्नाचा सूट शिवला त्या दिवशी ते खरंच एकाहत्तर किलो होते. त्यानंतर गावातल्या निम्म्या कंबरा त्यांच्या टेपखालून गेल्या, कुणाची किती वाढली हे त्यांना तोंडपाठ होतं. फक्त स्वतःच्या कंबरेला टेप लावायची वेळ कधी आली नव्हती. पँट घट्ट व्हायला लागली की ते शिवण उसवत, आतलं जादा कापड सोडत आणि "हल्ली कापड फार आटतं" असं म्हणून पुन्हा शिवून टाकत.

बायकोने कंबर कसली. ढब्बूचं खाणं वाटीने मोजून येऊ लागलं. आठवड्याने मास्तर त्याला कवेत घेऊन काट्यावर चढले. ती वाकून बघायला लागली.

"एकशे सहा. वजा एकाहत्तर... अहो, पस्तीस! वाढलं!"

तिने सरळ सासूबाईंकडे मोर्चा वळवला. चहासोबत ढब्बूला अर्धं बिस्कीट देण्याचा त्यांचा जुना शिरस्ता होता.

"आई, खरं सांगा."

"मी? अगं, तो पाय धरून बसतो ते बघून मला घास जात नाही. मी कशाला त्याच्या मुळावर उठू?"

"मग वजन काय हवा खाऊन वाढलं?"

सासूबाईंना ते फार लागलं. त्या उठून आपल्या खोलीत गेल्या आणि त्या दिवसापासून दार लावून चहा पिऊ लागल्या. त्यामुळे संशय आणखीच बळावला.

मग बायकोने घरातली बिस्किटं, केक, चीज, खारे दाणे, सगळं पिशव्यांत भरलं आणि मास्तरांच्या दुकानात कापड बेतायच्या टेबलाच्या खणात नेऊन ठेवलं. "इथे सुरक्षित राहील. किल्ली तुमच्याकडे, तुमच्याशिवाय कुणी हात लावणार नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं ठरलं. मास्तर काज करता करता एक दाणा तोंडात टाकत, बटण लावता लावता एक बिस्कीट. घरात ढब्बूच्या नजरेसमोर धड जेवता येत नव्हतं, तेव्हा दुकानात थोडा आधार घेतला तर बिघडलं कुठे?

पुढच्या खेपेला ढब्बू छत्तीस भरला. बायको हटली नाही. राहिलेला जॅम आणि खारवलेलं लोणीसुद्धा दुकानात गेलं. त्यानंतर आकडा आला सदतीस.

"अहो, तुम्ही एकदा एकटे उभे राहून बघता का?" तिने चाचरत विचारलं.

"टेलरला माप शिकवतेस? बरं, मी राहतो. मग तूही राहा."

"असू दे, असू दे," ती घाईने म्हणाली.

त्या दुपारी ढब्बूने रिकामी वाटी नाकाने ढकलत तिच्या पायाशी आणली. तिने नियम पाळून भिंतीकडे बघितलं आणि भिंतीकडे बघूनच ती रडली. उद्या सर्जन येणार होते, आणि हा तर तीस सोडून चाळिशीकडे निघाला होता. "काही झालं तरी न्यायचंच," तिने डोळे पुसले. "हातापाया पडेन, पण पाय करून घेईन."

सकाळी तिघं ढब्बूला घेऊन शेल्टरमध्ये पोचले. सासूबाई मुद्दाम आल्या होत्या. "माझ्यावर आळ आहे, निकाल मला ऐकायचाय," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर, फार प्रयत्न केले हो," बायको दारातूनच बोलू लागली. "पण सदतीस..."

डॉक्टरीणबाईंनी ढब्बूच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि त्याला काट्यावर उभं केलं. "एकोणतीस. शाबास! काय मेहनत घेतलीत! सदतीस कोण म्हणालं?"

मग सासूबाई, बायको आणि डॉक्टरीणबाई अशा तिघींच्या नजरा हळूहळू मास्तरांच्या बटणांवर येऊन थांबल्या.

"मास्तर," डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "जरा चढता का?"

"कापड आटतं हो हल्ली," मास्तर पुटपुटले, पण चढावं लागलं. काटा एकोणऐंशीवर जाऊन थांबला.

"म्हणजे इतके दिवस वाढत होता तो हा!" बायको ओरडली. आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं, कारण ढब्बूला आत नेत होते आणि तो शेपूट हलवत चालला होता. तिने सासूबाईंचा हात धरला. "आई, चुकलं माझं. फार बोलले मी."

"चुकलं तर चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "दुकानातल्या त्या खणाची किल्ली तेवढी त्याच्याकडून काढून माझ्याकडे दे."

ऑपरेशन उत्तम झालं. ढब्बू पायाला पट्टी बांधून घरी आला आणि त्याचं खाणं डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून थोडं वाढलं. मोजायची वाटी मात्र रिकामी राहिली नाही, आता तिच्यातून मास्तरांचा भात येऊ लागला.

दुपारी सासूबाई पुन्हा बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर, चहा घ्यायला बसल्या. त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडताच मास्तर मान थोडी तिरकी करून समोर येऊन बसले.

"आई..."

सासूबाईंनी बिस्कीट चहात बुडवलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," त्या म्हणाल्या, "डोळ्यांत बघायचं नाही."