दोडक्याची इटली

आज लातुरात इटली अवतरणार होती, आणि तीही दामिनीच्या गॅसवर!

नववीतल्या दामिनीने अख्ख्या घराला ठणकावून सांगितलं होतं, "आज रात्री आप्पा भाकरीला हातसुद्धा लावणार नाहीत!" आप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची, शुगर वाढलेली. डॉक्टरांनी रात्रीची भाकरी बंद केली होती, तर आप्पांनी डॉक्टरच बंद केले होते!

"लाव पैज!" आप्पा म्हणाले. "जिंकलीस तर हंपीची सहल. हरलीस तर महिनाभर भाकऱ्या तू थापायच्या!"

भाकरी थापणं म्हणजे दामिनीला फाशीच! पण बेत फक्कड होता. इटलीतली ती काकडीसारखी हिरवी झुकिनी बाजारात मिळेना, म्हणून दोडका. ऑलिव्ह तेल मेडिकलमधून आणलेलं, बाटलीवर गुटगुटीत बाळाचा फोटो! लसूण तडतडला, चकत्या चमकल्या, टोमॅटो लाजून लाल झाले. आता वरून चार तुळशीची पानं टाकली की झालं!

"दिवेलागणीला तुळस तोडतीस? हात मोडीन!" आई कडाडली.

मग काय, दामिनी ओव्याची पानं आणायला शेजारच्या सिंधुकाकूंकडे पळाली. काकूंनी पानांसोबत सुनेच्या डोहाळजेवणाची कथाही दिली, अगदी सविस्तर!

तेवढ्यात इकडे औशाहून महादेवी आत्या टपकल्या. आल्या आल्या कढईत डोकावल्या.

"वहिनी, एवढीशीच भाजी? आन् तिखटाचा पत्ता न्हाई! घरात कुणी आजारी हाय का?"

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं! पाहुणी उपाशी जायला नको म्हणून तिने तांब्याभर पाणी ओतलं. रस्सा पातळ झाला म्हणून आत्या येसर लावत सुटल्या. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ! वर तिखट. वर गुळाचा खडा!

दामिनी परतली, तर इटली बुडालेली! कढईत लालभडक आमटी रटरटत होती.

"माझा दोडका कुठंय?"

"असंल की खाली. पळीनं हुडक!" आत्या म्हणाल्या.

आप्पांनी भुरका मारला आणि डोळे मिटले. दामिनीने हात जोडले. महादेवा, हंपी वाचव रे!

"दामे," आप्पा गहिवरले, "इटलीची माणसं लई हुशार हायत गं! ह्येच्यात काय चुरून खात्यात ती?"

"काहीच नाही! नुसतं भुरकतात!"

"मग येडीच हायत!" आप्पांनी टोपल्यातली भाकरी उचलली. मग दुसरी. टोपलं रिकामं! "हं, हरलीस. थाप आता!"

दामिनीने दात-ओठ खात पीठ मळलं. थापली तर भाकरी बुटासारखी लांबोडकी, खाली टाचसुद्धा! चवड्यापाशी एक तुकडाही तुटून पडला.

"ही कसली गं भाकर?" आत्या किंचाळल्या.

दामिनीने मान ताठ केली. "नकाशा काढून बघा, आत्या. आली की नाही इटली?"

आप्पांनी तीही आमटीत चुरली.